पाचव्या घासाला लागलेला खडा

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. हिला कशाने भाग जातो? सम नाही, शेवटी शून्य-पाच नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७, ११, १३ लावून बघा, बाकी उरतेच.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले तर याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या! त्यामुळे पुढचीही मूळच असणार, किंबहुना ही अख्खी साखळीच तशी असणार, असं १६४० मध्ये फ्रेंच गणिती पिएर द फर्माने पत्रांतून लिहिलं. सिद्धता हाती नाही, हेही त्याने कबूल केलं होतं.

१७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं की या संख्येला ६४१ ने भाग जातो. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

संख्या मूळ आहे म्हणायचं, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण ऑयलरने पुढे सिद्ध केलं की हिच्या कुठल्याही विभाजकाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. मग मूळ संख्यांपैकी उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या घासालाच खडा!

खरी गंमत मात्र ६४१ च्या पोटात आहे. ६४१ म्हणजे १६ + ६२५, म्हणजेच २ चा चौथा घात अधिक ५ चा चौथा घात. शिवाय ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. आता ६४१ ने भागताना १६ च्या जागी उणे ६२५ लिहिलं तरी बाकी बदलत नाही. २ चा ३२वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८वा घात, आणि हा २८वा घात म्हणजे १२८ चा चौथा घात. १६ च्या जागी ५ चा चौथा घात उणे चिन्हासह ठेवला की होतो (५ × १२८) चा, म्हणजे ६४० चा चौथा घात, पुढे उणे चिन्ह तसंच. ६४० हा ६४१ ला एकच कमी, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. तेव्हा २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवला की शून्य. एवढा मोठा भागाकार न मांडता निकाल लागला.

फर्माचं मला नवल वाटतं. त्याच वर्षी, १६४० मध्ये, त्याने विभाजकांच्या बाकीवरून उमेदवार गाळण्याच्या अशाच युक्तीने २ च्या ३७व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. हत्यार त्याच्याच हातात होतं!

आणि आपल्या संख्येतून २ वजा करून बघा: ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. साखळीतल्या आधीच्या पाचही जणी इथे एकत्र गुणल्या गेल्या आहेत. त्या पाचांनंतर फर्माच्या साखळीत मूळ अशी एकही संख्या आजवर सापडलेली नाही.