जुना रंधा आणि न बसणारा बोल्ट

लाकडी रंध्याला सुट्या भागांचा प्रश्न कधी पडलाच नाही. पाचर झिजली तर सुतार हाताशी असलेल्या लाकडाची नवी तासतो आणि कामाला लागतो. प्रश्न आला तो लोखंडी रंध्याबरोबर.

पाते ठोकून खाली-वर करण्याऐवजी पितळी चाकी फिरवून करता यावे, ही सोय बॉस्टनच्या लेनर्ड बेलीने घडवली. त्याची पेटंटे १८६९ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने घेतली. पाते बाजूला कलवायची दांडी १८८०च्या दशकात आली. १९३१ पासून इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये रेकॉर्ड कंपनीचे रंधेही याच घडणीवर निघू लागले. त्यामुळे सगळे चार नंबरच्या मापाचे रंधे सारखेच दिसतात, आणि गिऱ्हाईक तिथेच फसते.

खरी गोम आट्यांत आहे. स्टॅन्लेच्या लिव्हर कॅपचा (पाते वरून दाबून धरणारे झाकण) स्क्रू ९/३२ इंची, इंचाला २४ आटे. मुठीचा बोल्ट १२ नंबरचा, इंचाला २० आटे. विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात मांडलेल्या आणि पुढे अमेरिकेत रुळलेल्या मापांत पाव इंच आहे, ५/१६ आहे. मधले ९/३२ नाही. कंपनीने आपले माप सोडले नाही. सोडले असते तर आधी विकलेले रंधे उघडे पडले असते, तेव्हा हा हट्ट मला तरी शहाणपणाचा वाटतो. पण आज हार्डवेअरच्या दुकानातला ७ मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन-चार आटे जातो, अडकतो, आणि जोर लावला की बिडाचे आटे खाऊन टाकतो. चाकीचे आटे तर डावे, म्हणजे उलट्या दिशेने आवळणारे. अगदी सुरुवातीच्या रंध्यांत मात्र उजवे होते. म्हणून एकाची चाकी दुसऱ्याला चालेलच असे नाही.

पात्याचे दुखणे वेगळे. मूळचे पाते साधारण २ मिलिमीटर जाड, हल्ली मिळणारी बदली पाती बरीचदा त्याहून जाड. मग पात्यावरच्या कॅप आयर्नच्या (पात्याला जोडलेली लोखंडी पट्टी) खाचेपर्यंत चाकीने हलणारे बेचके पोचत नाही, आणि तोंडही (तळातली पाते बाहेर येते ती फट) अरुंद पडते. आधी फ्रॉग (बेडकाचा इथे काही संबंध नाही, पाते टेकते ते बूड) मागे सरकवून बघावा. कानस त्यानंतर. घासलेले तोंड पुन्हा भरून येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या काही स्टॅन्ले रंध्यांत पितळ वाचवायला चाकी कडक रबराची घातली होती. ती तडकली की जाणकार माणूस तळ फुटलेला जुना रंधा शोधतो. बीड पडून फुटते, पण त्यातले स्क्रू आणि चाकी शाबूत असतात.