घरात एकाहून जास्त मांजरं असतील तर…
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे, "दोघांचं अजिबात पटत नाही हो." चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, मांजरं तीन आणि लिटरचा (शी-शूच्या मातीचा) डबा एकच, तोही बाथरूमच्या बोळात. मांजराचा स्वभाव फारसा बदलत नाही, पण घरातली मांडणी बदलता येते.

दांडगा बोका दरवेळी गुरगुरतोच असं नाही. तो डब्याच्या वाटेवर नुसता पसरतो आणि एकटक बघत राहतो. भित्री भाटी (मांजरी) दारापर्यंत येते, थबकते, मागे फिरते आणि शेवटी चादरींच्या घडीवर लघवी करते. ओरडा तिला बसतो, बोका मात्र साळसूद! म्हणून मांजरं जितकी, त्याहून एक डबा जास्त ठेवा, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी-शेजारी मांडलेले तीन डबे एकच मांजर अडवू शकतं. डबे आमच्याकडे मिळतात, पण घरातला जुना पसरट टबही चालतो. उगाच खर्च नको.

खाणं वेगवेगळ्या कोपऱ्यांत द्या. खादाड मांजर दुसऱ्याची वाटीही फस्त करतं, आणि कोण जेवलं नाही ते कळतच नाही. बुजऱ्याची वाटी उंचावर ठेवा. पाणी खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घरोघरी बॅरल भरलेले असतात. पिल्लू असेल तर त्यांवर झाकण हवंच.

नवीन मांजर आणलं की पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. जुन्या सोलापुरी चादरीचे दोन तुकडे करा, एकेकाला झोपायला द्या आणि दोन दिवसांनी अदलाबदल करा. आधी वासाची ओळख, मग दाराच्या फटीतून नजरभेट. फिसकारलं तर पुन्हा एक पायरी मागे. नसबंदी साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात करून घ्या. बोक्यांची मारामारी आणि जागोजागी लघवीची फवारणी बरीच कमी होते.

मे महिन्यात सगळ्यांना कूलरची एकच खोली हवी असते. तिथे स्टूल, फळी, खोका असं काहीतरी वर-खाली मांडा. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या दारूकामाच्या (आतषबाजीच्या) रात्रीही लक्ष असू द्या: आवाजाने बिथरलेलं मांजर समोर दिसेल त्यावर, अगदी जिवलग सोबत्यावरही, तुटून पडतं. अशा वेळी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. हाताने सोडवायला जाऊ नका. मध्ये उशी घाला.

बोका वारंवार डब्यात बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर तो स्वभावाचा प्रश्न नाही. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. दुकानात औषध विचारत थांबू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. मांजराला ती विषारी असते.