मुलांचं वाचनालय कार्ड आणि पालकांची सही

लहान मुलाला वाचनालयाचं कार्ड काढायला गेलं की अर्जावर पालकांची सही लागते, बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम आणि पत्त्याचा पुरावाही. मूल काय वाचतं याच्याशी त्या सहीचा फारसा संबंध नाही. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर भरपाई कोण देणार, एवढाच प्रश्न असतो. भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक नाही, म्हणून जामीन हवा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कित्येक ग्रंथालयांत तर बारा-चौदा वर्षांखालच्यांना दारच बंद होतं.

गोव्यात मुलांचा हा प्रश्न उपस्थित व्हायलाच उशीर लागला. पणजीचं सरकारी ग्रंथालय १८३२ सालचं, व्हाइसरॉयच्या हुकुमाने निघालेलं. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठांतली पुस्तकं इथे येऊन पडली. पोर्तुगीज आणि लॅटिन ग्रंथांच्या त्या कपाटांपुढे मराठी घरातलं पोर काय करणार? वाचक म्हणजे अधिकारी, पाद्री आणि १८५४ नंतर लिसेवचे, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेचे विद्यार्थी.

मराठी वाचनाची वाट वेगळी होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धर्मावरून होणारा भेद कमी झाला, हिंदूंना मोकळा श्वास मिळाला आणि मराठी शाळा, वाचनालयं उभी राहू लागली. मडगावचं गोमंत विद्या निकेतन त्याच सुमाराचं. अशा वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांत सभासद सहसा घरचा कर्ता असे. मुलं त्याच्याच नावावर पुस्तक न्यायची. वडिलांच्या खात्यावर कादंबरी चालू असेल तर पोराने थांबायचं! तिकडे बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं होतं, आणि त्यात मुलांसाठी वेगळी सोय होती.

१९६१च्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा कुठे गोव्यात बालवाचक मोठ्या संख्येने तयार झाला. ग्रंथालय कायदा मात्र १९९३ चा. त्यात ग्रंथालयांसाठी भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावर आणि बिअरवर अधिभार आहे, म्हणजे बालविभागातल्या पुस्तकांना थोडाफार हातभार बारवाल्यांचाही. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या जाहीरनाम्याने वयाचा भेद नको असं सांगितलं आणि लहानपणापासून वाचनाची सवय लावणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं पहिलं काम ठरवलं. २०१२ मध्ये पणजीचं तेच जुनं सरकारी ग्रंथालय, आताचं मध्यवर्ती ग्रंथालय, सोळाव्या शतकातले गोमंतकीय लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने पणजीतल्याच पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेलं. तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे.

वयाची अट अशी सैल होत गेली, जामिनाची राहिली. ती कोणाला नडते? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, बांधकामावर आलेल्या मजुरांच्या मुलांना. शाळेत त्यांचं नाव असतं, घराच्या पत्त्याचा कागद नसतो. अशा मुलांसाठी मुख्याध्यापकांची शिफारस जामीन म्हणून धरावी आणि अनामत माफ करावी, एवढं केलं तरी पुष्कळ होईल.