कॅटफिश घाण खाऊन वाढत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मासे पाळणाऱ्यांत हा समज जुना आहे की कोरीडोरास हा छोटा कॅटफिश टाकीतली घाण खातो, त्याला वेगळं खाणं नको. खरं तर तो विष्ठा खात नाही. तळाशी पडलेलं अन्न मिशांनी हुडकतो. वरच्या माशांनी काही उरवलंच नाही, तर पिल्लं उपाशी राहून खुरटतात.

अंड्यातून निघाल्यावर दोन-तीन दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर भागतं. मग ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, द्या, दिवसातून तीन-चारदा, थोडी थोडी. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम जाडं मीठ, एअर पंप चालू आणि तापमान 28 अंश ठेवलं की साधारण 24 तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. गाळून, गोड्या पाण्यात धुऊनच टाकीत घाला. आपल्याकडच्या डिसेंबरात हीटरशिवाय हे जमायचं नाही. पिल्लांनाही 25 अंशांच्या आसपास ऊब लागते.

जास्त खाणं म्हणजे जास्त अमोनिया, आणि बहुतेक पिल्लं इथंच दगावतात. उरलेलं अन्न दोन तासांत बारीक नळीनं ओढून काढा. रोज पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन घालवून, त्याच तापमानाचं. तळ घाण राहिला की आधी मिशा झडतात. फिल्टर स्पंजचाच हवा, बाकीचे पिल्लंच आत ओढतात.