जेवणाऐवजी शेक: वजन उतरवण्याच्या या पद्धतीची पार्श्वभूमी

जेवणाच्या जागी शेक (डब्यातली पावडर दुधात किंवा पाण्यात कालवून केलेले पेय) घ्यायचा की नाही, हे बहुतेक जण डब्याची किंमत, चव आणि ओळखीतल्या कुणाचे किती किलो उतरले यावरून ठरवतात. पाहायला हवे ते वेगळेच: दिवसभरात पोटात किमान किती कॅलरी जाणार, प्रथिने कोणत्या प्रतीची, आणि शेक सुटल्यावर ताटात काय येणार. या तिन्ही बाबतींत आज जे नियम आहेत, त्यांतले काही माणसे दगावल्यानंतर आले आहेत.

बाजारात गाजलेला पहिला शेक १९५९ सालचा. अमेरिकेत लहान मुलांचे आणि रुग्णांचे खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने आजाऱ्यांच्या पावडरीत फेरफार करून ती वजन कमी करू पाहणाऱ्यांसाठी विकायला काढली. दिवसाची पावडर चार ग्लासांत घ्यायची, ग्लासाला २२५ कॅलरी, म्हणजे दिवसाला ९००. त्यात ७० ग्रॅम प्रथिने. घडण म्हणून ती वाईट नव्हती. आज आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी डब्यांपेक्षा तिच्यात प्रथिने जास्त होती. साठचे दशक संपेपर्यंत लोक चवीला विटले आणि मागणी ओसरली.

घात झाला तो सत्तरच्या दशकात. बॉस्टनमध्ये काही डॉक्टर जाड रुग्णांना देखरेखीखाली फक्त चरबी नसलेले मांस-मासे, पोटॅशियम आणि जीवनसत्त्वे देऊन वजन उतरवत होते. बाजाराने त्यातली ‘प्रथिनांवर राहायचे’ एवढीच कल्पना उचलली आणि जनावरांचे कातडे, स्नायुबंध, हाडे यांपासून काढलेले पातळ कोलॅजेन बाटल्यांत भरून विकले. दिवसाला जेमतेम ३०० ते ४०० कॅलरी. १९७७-७८ मध्ये अशा आहारावर असलेल्या सुमारे ६० जणांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यातले अनेक हृदयाची लय बिघडून गेले, आणि काही तर आहार थांबवून जेवण पुन्हा सुरू केल्यावर. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) नसते, त्यामुळे शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती उणीव भरते, आणि हृदय हाही स्नायूच आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियमची भर नसेल तर धोका वाढतो. आज त्वचा-केसांसाठी म्हणून कोलॅजेनच्या पावडरी सर्रास विकल्या जातात. डब्यावर प्रथिनांचा आकडा भरघोस दिसतो, तरी जेवणाची जागा ती पावडर घेऊ शकत नाही, त्याचे कारण हेच.

त्यानंतरचा वाद एका आकड्याभोवती फिरत राहिला: किती खाली जायचे? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये दिवसाला ३३० कॅलरींची पाकिटे विकली जात होती. १९८७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ समितीने स्त्रियांसाठी किमान ४०० कॅलरी आणि ४० ग्रॅम प्रथिने, पुरुष व उंच स्त्रियांसाठी ५०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिने अशी मर्यादा सुचवली. अमेरिकेत १९९३ मध्ये ८०० पेक्षा कमी कॅलरींचा आहार ‘अतिअल्प’ ठरला आणि तो बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असलेल्यांनाच, तोही डॉक्टरांच्या देखरेखीत द्यावा असे सांगितले गेले. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने अतिअल्प आहाराला ४५० ते ८०० ची चौकट दिली. प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी किमान ५० ग्रॅम.

पण ८०० च्या खाली उतरून जास्तीचे मिळते तरी काय? १९९२ च्या एका चाचणीत जाड स्त्रियांना दिवसाला ४२०, ६६० आणि ८०० कॅलरींच्या आहारावर ठेवून पाहिले. तिन्ही गटांत उतरलेल्या वजनात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे कॅलरी जवळपास निम्म्यावर आणूनही हाती जादा काही लागले नाही. २००६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले. सुरुवातीला अतिअल्प आहाराने वजन १६.१% उतरले आणि साध्या अल्प आहाराने ९.७%. वर्ष उलटून गेल्यावर मात्र उरले ६.३% विरुद्ध ५%, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

एवढे समोर असताना युरोपने २०१७ च्या नियमांत संपूर्ण आहाराच्या जागी विकल्या जाणाऱ्या उत्पादनांची किमान मर्यादा ८०० वरून ६०० वर आणली. ही उत्पादने घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. नियमांतला दुसरा भाग चांगला होता: दिवसाला किमान ७५ ग्रॅम प्रथिने, कारण जुन्या ५० ग्रॅमवर स्नायू टिकत नाहीत. लिनोलेइक आम्ल (तेलातले एक आवश्यक स्निग्धाम्ल) किमान ११ ग्रॅम असावे ही अटही होती. एवढे तेल पाकिटात बसत नाही, अशी ओरड झाली आणि पुढे ती ६.५ ग्रॅमवर आली. नियम ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. प्रथिने वाढवली हे योग्यच झाले, पण विनाचिठ्ठी मालासाठी किमान मर्यादा उतरवणे ही चूक होती. एका जेवणाच्या शेकबाबतही युरोपने वेगळी वाट धरली. आधी एका शेकला २०० ते ४०० कॅलरींची मुभा होती, ती २०१६ मध्ये २०० ते २५० केली. भारताच्या २०१६ च्या नियमांत (अंमल १ जानेवारी २०१८ पासून) जुनी आंतरराष्ट्रीय चौकटच आहे: एका जेवणाला २०० ते ४००, सगळी जेवणे बदलायची असतील तर दिवसाला ८०० ते १२००, आणि २५ ते ५०% ऊर्जा प्रथिनांतून.

पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती गेल्या दहा वर्षांत. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षे न झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या ३०६ जणांवर ‘डायरेक्ट’ ही चाचणी झाली. अर्ध्यांना ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक-सूप दिले, म्हणजे ८०० च्या रेघेच्या किंचित वर. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद. ३ ते ५ महिने फक्त शेक आणि सूप, सोबत दिवसाला सव्वादोन लिटर पाणी-पेये, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून इसबगोल ३.५ ग्रॅम दोनदा. वर्षाने ४६% जणांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात ४%. ज्यांचे १५ किलो किंवा जास्त उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६%. दोन वर्षांनी ३६%. पाच वर्षांनी, मदत चालू ठेवलेल्या गटात सरासरी ६.१ किलो वजन उतरलेले टिकले होते, पण साखर मधुमेहाच्या मर्यादेखाली असलेले उरले १३%. जाहिरातींत पहिल्या वर्षाचा आकडा येतो, पाचव्या वर्षाचा येत नाही. निर्णय घेणाऱ्याने दोन्ही पाहावेत.

त्या चाचणीचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग म्हणजे जेवणावर परतणे. दर दोन-तीन आठवड्यांनी एक शेक काढायचा आणि त्याजागी साधारण ४०० कॅलरींचे मोजलेले जेवण आणायचे. पुढे वजन २ किलोपेक्षा जास्त चढले तर काही आठवडे पुन्हा एका जेवणाच्या जागी शेक. ही परतीची पायरी गाळली तर शेक बंद होताच आठवड्यात भात, पोळी, चहा-बिस्किटे जुन्याच मापाने सुरू होतात. वजन परत येण्यामागे पावडरीचा दोष नसतो, हे मधले आठवडे कुणी आखून दिलेले नसतात.

आपल्याकडे हे उत्पादन दवाखान्यापेक्षा साखळी विक्रीतून (ओळखीतल्यांना विकत नवे विक्रेते जोडत जाण्याच्या पद्धतीतून) जास्त पोचले. गावोगावी सकाळी सहाला भरणाऱ्या ‘क्लब’मध्ये एक ग्लास शेक आणि चहासारखे एक पेय मिळते, आणि सल्ला देणारा स्वतःच विक्रेता असतो. २०१८ च्या सुमारास घराघरांत ‘दोनदाच जेवा’ आणि ‘दर दोन तासांनी खा’ असे दोन पक्ष पडले होते. शेक या दोन्हींत नीट बसत नाही, तरी दोन्हीकडच्यांनी तो आपापल्या वेळापत्रकात घुसडला.

इथेच सगळ्यांत मोठी चूक होते, आणि ती साध्या हिशेबाची आहे. परदेशी चाचण्यांत बहुधा दिवसातली दोन मुख्य जेवणे, किंवा ‘डायरेक्ट’सारखी सगळीच, बदललेली असतात. आपल्याकडे बदलतो तो नाश्ता. एक बशी पोहे साधारण २५० कॅलरींचे. त्याजागी २२० चा शेक घेतला तर वाचल्या ३०. त्यात शेकने पोट भरत नाही म्हणून अकराला चहा आणि चार बिस्किटे आली की बेरीज उलटी. रात्रीच्या ताटात दोन पोळ्या, तेलाची भाजी, आमटी आणि वाटीभर भात धरला तर ५५० ते ६५० कॅलरी होतात. तिथे २२० चा शेक आणि सोबत तेल न घालता केलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घेतली तर रोज ३५० च्या आसपास वाचतात आणि आठवड्याला सुमारे ३०० ग्रॅम उतरायला जागा होते. रात्री नऊ-साडेनऊला जेवणाऱ्या घरात एकच जेवण बदलायचे असेल तर ते रात्रीचे. ताट सगळ्यांसोबत असते म्हणून ते अवघड जाते, हेही खरे.

दुसरी गफलत डब्यावरच्या आकड्यांची. ३५ ग्रॅमच्या मापात १३० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने असतील तर पाण्यात कालवलेला तो शेक जेवण नव्हेच. २०० ची किमान अटही तो गाठत नाही. ३०० मिली टोन्ड दुधात घेतला तर दुधाच्या सुमारे १७५ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिने मिळून ३०५ कॅलरी आणि १९ ग्रॅम होतात. म्हणून कोष्टकात ‘दुधासह’चा रकाना आहे की नुसत्या पावडरीचा, हे आधी पाहावे. दूध पचत नसेल तर पाण्यावर चालणारीच पावडर निवडावी. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतली प्रथिने; त्यांच्या आयसोलेट प्रकारात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असते, कॉन्सन्ट्रेटमध्ये जास्त. व्यायामशाळेतली नुसती प्रथिनांची पावडर जेवणाला पर्याय नाही, तिच्यात जीवनसत्त्वे, खनिजे आणि स्निग्धांश नसतात.

बिघाड कुठे होतो तेही आता माहीत आहे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू लागले की पित्तखडे होण्याची शक्यता वाढते. आहारात स्निग्धांश फारच कमी असला तर पित्ताशय रिकामे होत नाही आणि पित्त साचून राहते. यूरिक आम्ल वाढून गाऊट (सांध्यांची दुखरी सूज) उसळतो. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, बहुतेकांचे परत येतात. उठताना चक्कर येणे बहुधा पाणी-मीठ उतरल्याने असते, आणि रक्तदाबाची जुनी मात्रा तशीच चालू असेल तर ती हमखास येते. साखळी विक्रीतल्या पूरक उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. नेमका कोणता घटक, यावर एकमत नाही.

म्हणूनच एका जेवणाची अदलाबदल आणि संपूर्ण आहाराची अदलाबदल हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला, कसलीही औषधे नसलेल्या आणि बीएमआय २३ च्या वर असलेल्या प्रौढाने स्वतः घ्यायला हरकत नाही. दुसरा डॉक्टरांशिवाय घेऊच नये. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू ठेवून ८०० कॅलरींवर गेले तर साखर धोक्याइतकी खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून जीव धोक्यात येऊ शकतो. वॉरफरिन, असेनोकुमरॉलवर असलेल्यांचे रक्त पातळ राहण्याचे प्रमाण शेकमधल्या के जीवनसत्त्वाने बदलते. गरोदरपण, अंगावर पाजणे, १८ च्या आतले वय, टाइप १ मधुमेह, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा खाण्याविषयीचा मानसिक विकार असेल तर संपूर्ण आहार बदलण्याचा विचार सोडून द्यावा.

मार्च २०२५ मध्ये टर्झेपटाइड या मधुमेह आणि वजनावरच्या औषधाचे इंजेक्शन भारतात आले आणि शेकचे काम पालटू लागले. इंजेक्शनने भूकच इतकी घटते की कॅलरी तोडायला शेक लागत नाही. अडचण येते ती शाकाहारी ताटाची: अर्धी पोळी आणि दोन चमचे वरणावर दिवस गेला तर प्रथिने फार कमी पडतात आणि चरबीसोबत स्नायूही जातात. अशा वेळी आहारतज्ज्ञ शेक जेवणाच्या जागी न देता दोन जेवणांच्या मध्ये देतात, २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतील असा. औषधाने जठर सावकाश रिकामे होते, एकदम ३०० मिली प्यायल्यास मळमळते, म्हणून दीडशे-दीडशे मिलीचे दोन भाग करून तासाभराच्या अंतराने घ्यायला सांगतात.