गाडीच्या रंगावरचं कवच : ड्युको ते सिरॅमिक

नवी गाडी घ्यायला गेलं की किल्ली हातात पडण्याआधीच विचारणा होते, "सिरॅमिक करून देऊ का? काही वर्षं बघायला नको." सिरॅमिक म्हणजे रंग जपण्यासाठी त्यावर चढवलेलं पातळ पारदर्शक कोटिंग. सोलापुरात हा सल्ला पटकन पटतो. इथलं मे महिन्याचं ऊन, काळ्या मातीची धूळ आणि बोअरचं जड पाणी, तिन्ही गोष्टी रंगाच्या मुळावर उठलेल्या. पण कोटिंग करूनही बॉनेटवर पट्टे उमटतात, पाण्याचे गोल डाग बसतात, आणि मग मालक नि कोटिंग सेंटरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या गाडीचं हेच झालं. कारण शोधत मागे जात राहिलो, तेव्हा धागा शंभर वर्षांमागे निघाला.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. जवसाच्या तेलाचं व्हार्निश, ब्रशने, थरावर थर. एकेका गाडीला वाळायला कित्येक आठवडे लागत. १९२३-२४च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने 'ड्युको' आणला आणि हे काम काही तासांवर आलं. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, आणि नायट्रोसेल्युलोज बनतं कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंपासून. पहिल्या महायुद्धात त्याच कापसाची स्फोटकं होत होती. गिरण्यांच्या या गावात हे वाचताना मला विशेष वाटलं. आपल्या भागात पिकणाऱ्या कापसाची जातकुळी मोटारीच्या रंगात होती, आणि फर्निचरवाले आजही 'ड्युको मारलाय' म्हणतात ते तेव्हापासून.

ड्युकोची एक खोड होती. फवारल्यावर तो मंद दिसे. चकाकी यायची ती रबिंग कंपाउंडने घासल्यावर. उन्हाने रंग फिका पडला की पुन्हा घासायचं, वरचा मेलेला थर निघाला की खालून ताजा रंग वर यायचा, कापडाला गाडीचा रंग लागायचा. अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या जमान्यातल्या गॅरेजांनी हीच विद्या आत्मसात केली : गाडी मळकट दिसली, मारा रबिंग. त्या रंगाला ते मानवतही होतं.

मग रंगाची रचनाच बदलली. १९८०च्या दशकात जगभर 'बेसकोट आणि क्लिअरकोट' ही पद्धत पसरली. आपल्याकडे ती मेटॅलिक रंगांबरोबर रुळली. आता रंगद्रव्य खालच्या पातळ थरात असतं आणि त्यावर पारदर्शक क्लिअरकोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो घासून गेला की खालून ताजं काही वर येत नाही. रचना बदलली, हाताची सवय मात्र तीच राहिली. आजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथे दिसतं.

संरक्षणाचा शोध अर्थात रंगाइतकाच जुना. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण अजूनही उत्तम मानतात, पण ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटची उष्णता बघता ते इथे फार दिवस टिकेल अशी आशा नको. नंतर 'टेफ्लॉन कोटिंग'ची लाट आली, अनेकांनी शोरूममध्ये हौसेने पैसे मोजले. टेफ्लॉन १९३८ साली सापडलं, तव्यावर ते छान बसतं, कारण तिथे त्याला सव्वातीनशे अंशांहून जास्त ताव दिलेला असतो. गाडीचा रंग कारखान्यात साधारण १४० अंशांना भाजतात. म्हणजे तव्यावर बसतं तसं ते गाडीवर बसूच शकत नाही. जी चकाकी दिसायची ती सोबतच्या मेणा-पॉलिशची.

पीपीएफची, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मची, वाट वेगळी. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून पॉलियुरेथेनची फिल्म लावली गेली, तीच पुढे मोटारींवर आली. दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असल्यामुळे खडे ती खरोखर झेलते. सिरॅमिकचा थर सहसा एक-दोन मायक्रॉनच. खड्याचा टवका तो थोपवेल ही अपेक्षाच चुकीची.

आणि सिरॅमिकच्या कडकपणाची ग्वाही म्हणून सांगतात ते '9एच'? तो पेन्सिलचा आकडा. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून थरावर रेटायच्या, कुठलीने ओरखडा पडतो ते पाहायचं, एवढीच ती चाचणी. खनिजांचं मोह्स मोजमाप वेगळं, त्यात क्वार्ट्झ ७ वर आहे आणि रस्त्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ असतंच. धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की कोटिंग असो वा नसो, चरे पडणार. त्यात आपण सोलापूरकर जुना टर्किश टॉवेल किंवा चादरीचा तुकडा काढतो. अंग पुसायला आपल्या टॉवेलला तोड नाही, पण त्याच्या फासांत अडकलेला कण रंगावरून घासत जातो.

आता लावण्याची गोष्ट. सिरॅमिक म्हणजे सिलेन, सिलॉक्सेन किंवा सिलाझेन जातीची द्रव्यं द्रावकात मिसळलेली. लावलं की द्रावक उडतो आणि उरलेलं द्रव्य हवेतल्या ओलाव्याशी जुळत कडक होतं. नेमका मध्ये पुसण्याचा क्षण असतो. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पॅनेल इतकं तापतं की द्रावक बघता बघता उडून जातो आणि पुसायच्या आत थर चिकट होतो. तिथे जाड राहिलेला पट्टा इंद्रधनुषी दिसतो, त्याला हाय स्पॉट म्हणतात. दुसरीकडे हवा कोरडी, त्यामुळे आतून घट्ट व्हायला मात्र वेळ लागतो. आमच्या गाडीचं काम भर दुपारी, एका दमात पूर्ण बॉनेटवर केलं होतं. सकाळी लवकर, गार पॅनेलवर, हातभर भाग घेत केलं असतं तर बहुधा हे टळलं असतं. त्याआधीची तयारी तर तासन् तासांची असते : धुणं, क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवणं, डांबराचे ठिपके काढणं, तेलकटपणा पुसणं. घाई नेमकी इथे होते, आणि जे खाली राहील ते काचेखाली दाबल्यासारखं तिथेच राहतं.

पाण्याचंही तसंच. शहराला उजनीचं नळाचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड मिळालं, त्यामुळे गाड्या धुतल्या गेल्या बोअरवर. बेसाल्टमधून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब उभे राहतात. छायेत ते घरंगळून जातात, उन्हात जागच्या जागी आटतात आणि क्षारांचं कडं सोडतात. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे दिले तोच इथे डाग पाडतो. ताजा डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो, मुरलेला नाही.

हाय स्पॉट ओला असेपर्यंत नुसत्या फडक्याने निघतो. एकदा पक्का झाला की पॉलिश मशीनशिवाय उपाय नाही, आणि पॉलिश म्हणजे पुन्हा घासणं, पुन्हा क्लिअरकोट कमी होणं. सेंटरवाल्याने फुकट पॉलिश करून देतो म्हटलं होतं. त्याआधी जाडी मोजून दाखवा म्हटलं, तर त्याच्याकडे मीटर नव्हतं. बॉनेटवरचे ते दोन पट्टे आम्ही तसेच ठेवले आहेत.