सेन्सर म्हणतो ५,०००, साउंडर म्हणतो ४,९१५!

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खोल समुद्रातल्या दाब-सेन्सरपैकी काहींत काहीच बिघडलेलं नसतं. तक्रार ठरलेली: ‘विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात तळापर्यंत यंत्र सोडलं. सेन्सर ५,००० दाखवतो, इको साउंडर (प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) ४,९१५च्या आसपास. खरं कुणाचं?’

दोघांचंही. सेन्सर डेसिबार, म्हणजे पाण्याचा दाब सांगतो, साउंडर मीटर, म्हणजे खोली.

‘एक मीटर म्हणजे एक डेसिबार’ हा ठोकताळा उथळ पाण्यात बरा. खोलात तो फसतो, कारण पाणी दाबलं जातच नाही ही शाळेतली समजूत पूर्ण खरी नाही. पाणी दाबाखाली किंचित आकसतं हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन कँटन यांनी १७६२ सालीच दाखवलं होतं. समुद्राचं पाणी दर १,००० मीटरला अर्ध्या टक्क्याहून थोडं कमी आकसतं. एवढ्याशानं काय होतं? जगातलं समुद्राचं पाणी आकसलं नसतं, तर समुद्राची पातळी साधारण ३० मीटर वर असती. मग कोकणातली किती बंदरं उरली असती, ते तुम्हीच मोजा.

तुमच्या मोहिमेचे आकडे असे. पृष्ठभागावरचं कोमट पाणी घनमीटरला साधारण १,०२२ किलो. तळाचं एक-दोन अंशांचं पाणी तसंच गार ठेवून वर आणलं, तर १,०२८. तेच पाणी ५,००० मीटर खाली मात्र १,०५० भरतं. म्हणजे गारव्यानं ६ किलो वाढले आणि दाबानं २२! खालचा प्रत्येक मीटर वरच्यापेक्षा जड, म्हणून डेसिबार मीटरच्या पुढे पळतात.

खरी फसगत बॅलास्टमध्ये, म्हणजे यंत्राला लावायच्या वजनात होते. ५० लिटर आकारमानाचं यंत्र गोदीत समुद्राच्या वरच्या पाण्याच्या टाकीत ना बुडतं ना तरंगतं असं जोखून तुम्ही आणता. कवच अजिबात आकसलं नाही असं धरलं, तर तळाशी पाणी त्याला जवळपास १.४ किलोनं वर ढकलेल. याच गुणाचा समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॉलो यांनी १९५५ मध्ये उपयोग करून घेतला. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या पाण्यापेक्षा कमी आकसत, म्हणून ठरावीक खोलीवर जाऊन थांबत आणि प्रवाहाबरोबर वाहत. उलट उदाहरण त्रिएस्तचं. १९६० मध्ये मारियाना गर्तेत उतरलेल्या या यानाला पेट्रोल तरंगतं ठेवत होतं आणि पेट्रोल पाण्यापेक्षा जास्त आकसतं. यान खाली जाताना जड होत गेलं, तोल सांभाळायला लोखंडी छर्रे टाकावे लागले. तेव्हा यंत्र कशाचं आहे आणि ते किती आकसतं, हे कळल्याशिवाय आम्ही वजन सुचवत नाही.

बुडालेलं जहाज दाट पाण्यात अधांतरी लटकतं का, असंही कुणी विचारतं. नाही. मारियानाच्या तळाशीही पाणी जेमतेम ५ टक्के दाट असतं, लोखंड मात्र पाण्याच्या सातपटीहून जड.

दाबावरून खोली काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश भरायला विसरू नका. गुरुत्वाकर्षण ध्रुवाकडे वाढतं, त्यामुळे १०,००० डेसिबारला विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या खोलीत ५० मीटरचा फरक पडतो. सेन्सर आमच्याकडे पाठवताना मोहिमेचा अक्षांश, जास्तीत जास्त खोली आणि पाण्यात सोडण्यापूर्वी डेकवर घेतलेलं वाचन चिठ्ठीवर लिहून द्या. डेकवरच शून्य सरकलेलं असेल, तर दुरुस्ती खरीच लागेल.